मॅच हरली की शिव्या बाईला का पडतात?

गेल्या उन्हाळ्यात मी, माझा भाऊ आणि त्याची मुलगी असे तिघं आयपीएलची मॅच बघायला गेलो होतो. भाची नववीत आहे, क्लबकडून ऑफस्पिन टाकते, त्यामुळे फील्ड कशी लावलीय, डीप मिडविकेट अजून थोडा सरळ का हवा, हे सगळं ती मला समजावत होती आणि मी वडापाव खात ऐकत होते. सोळाव्या ओव्हरला आमच्या स्टँडसमोर बाउंड्रीवर उभ्या असलेल्या फील्डरच्या हातून सोपा कॅच सुटला, बॉल तळव्याला लागून दोरीपलीकडे गेला. आधी सगळ्यांचंच "अरेरेरे" झालं, ते साहजिकच होतं, मग चार-पाच रांगा मागून एक आवाज आला, "भाभी किधर है रे?" लोक हसले. दुसऱ्यानं भाभीचं नाव घेतलं, तिसऱ्यानं त्या नावाला जे जोडलं ते मी इथे लिहिणार नाही, आणि मिनिटभरात टाळ्यांच्या ठेक्यावर त्याची घोषणा झाली, चाळीस-पन्नास जण एका सुरात. फील्डरनं मागे वळून बघितलं नाही, नुसती टोपी पुढे ओढली. भाचीचं बोलणं बंद पडलं. चौकार-षटकाराचं ते पुठ्ठ्याचं कार्ड तिनं मांडीवर उलटं ठेवलं आणि मॅच संपेपर्यंत उचललं नाही. परतताना लोकलमध्ये तिनं एवढंच विचारलं, "आत्या, कॅच त्यानं सोडला ना, मग तिला का बोलले?"

मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. "असतात गं अशी माणसं" म्हणून मी विषय संपवला, आणि हे उत्तर खरं नाही हे मला तेव्हाच कळत होतं, कारण ओरडणाऱ्यांत ऑफिसमधून थेट आलेली, गळ्यात आयकार्ड लटकवलेली, एरवी बसमध्ये म्हाताऱ्या बाईला उठून जागा देतील अशी माणसं होती. म्हणून मग मी जुन्या घटना काढून बघितल्या, थोडं वाचलं, आणि जे समजलं ते इथे मांडतेय, भाचीला सांगावं तसं.

आधी एक गोष्ट साफ करू. हुर्यो उडवणं वेगळं आणि मी म्हणतेय ते वेगळं. तिकीट काढून आलेला माणूस खराब खेळावर ओरडणारच. मार्च 2006 मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्धच्या टेस्टमध्ये सचिन 1 रनवर आउट झाला तेव्हा त्याच्याच गावात त्याची हुर्यो उडाली होती, तो दिवस आठवला की अजून वाईट वाटतं पण ती हुर्यो त्याच्या बॅटिंगवर होती. 2024 च्या आयपीएलमध्ये रोहितच्या जागी हार्दिक पंड्या मुंबईचा कॅप्टन झाला आणि त्याच वानखेडेवर टॉसला प्रेक्षक इतके ओरडले की संजय मांजरेकरला माइकवरून नीट वागा म्हणून सांगावं लागलं. हेही एकवेळ सोडा, कॅप्टन्सीचा राग कॅप्टनवर निघाला. पण त्याच दिवसांत हार्दिकच्या बायकोच्या इन्स्टाग्रामवर जाऊन लोक जे लिहीत होते त्याचा कॅप्टन्सीशी काय संबंध होता? पुढे काय झालं ते बघा. 29 जूनला बार्बाडोसला वर्ल्डकप फायनलची शेवटची ओव्हर हार्दिकनं टाकली, आपण जिंकलो, आणि 4 जुलैला त्याच वानखेडेवर "हार्दिक, हार्दिक" झालं. लोकांनी हुर्यो परत घेतली. त्याच्या बायकोला दिलेल्या शिव्या मात्र कुणी परत घेतल्या नाहीत, उलट दोन आठवड्यांनी दोघं वेगळे होतायत हे जाहीर झाल्यावर तिच्या अकाउंटवर तोच पूर पुन्हा आला. खेळाडूला पुढची मॅच असते, रन काढून तो सगळं फेडू शकतो. तिला कुठली मॅच असते?

आता भाचीच्या प्रश्नाकडे येते. तिला का?

आपल्याकडे जुना शब्द आहे, पायगुण. नवी सून घरात आली आणि त्याच महिन्यात म्हैस मेली किंवा सासऱ्याला धंद्यात खोट आली की कुजबुज सुरू व्हायची, पोरगी पांढऱ्या पायाची आहे. म्हैस रोगानं मेली, धंद्यात खोट सासऱ्याच्याच हिशेबामुळे आली, हे सगळ्यांना माहीत असायचं, तरी बोट सुनेकडे, कारण ती घरातली सगळ्यात नवी, परकी आणि उलट न बोलू शकणारी. माझ्या आजीनं हे सोसलंय, तिच्या तोंडून मी ऐकलंय. मला वाटायचं ते सगळं गेलं. गेलेलं नाहीये, ते फक्त चावडीवरून स्टेडियममध्ये आणि तिथून मोबाइलवर आलंय.

26 मार्च 2015, सिडनी, वर्ल्डकपची सेमीफायनल. ऑस्ट्रेलियानं 328 केले, विराट कोहली 13 बॉल खेळून 1 रनवर मिचेल जॉन्सनच्या बॉलला कॅच देऊन आउट झाला, भारत 95 रननी हरला. अनुष्का शर्मा स्टँडमध्ये बसून मॅच बघत होती. बस, तिनं केलेली कृती इतकीच, बसून मॅच बघणं. तेवढ्यावरून त्या रात्रीपासून देशातल्या हजारो लोकांनी तिला पनौती ठरवलं, तिच्या चारित्र्यापर्यंत गेले. जॉन्सनचा तो बॉल किती अवघड होता यावर कुणी बोलेना. बरोबर वर्षभरानं, 27 मार्च 2016 ला मोहालीत ऑस्ट्रेलियाविरुद्धच कोहलीनं नाबाद 82 केले, टी-ट्वेंटीमधली मला आवडलेली सगळ्यात सुंदर इनिंग आहे ती, आणि तेव्हा लोक काय म्हणाले? दोघांचं फिसकटलंय म्हणून खेळतोय. म्हणजे ती होती म्हणून हरला, ती नाही म्हणून जिंकला. दुसऱ्या दिवशी कोहलीनं स्वतः लिहिलं की तिला ट्रोल करणाऱ्यांना लाज वाटायला हवी, तिनं मला नेहमी चांगलंच दिलंय. खेळाडूनं एवढं स्पष्ट बोलणं तेव्हा नवीन होतं.

मयंती लँगरचं तर त्याहून वाईट. ती स्वतः क्रीडा पत्रकार, अँकर, कितीतरी वर्षं कॅमेऱ्यासमोर खेळ समजावणारी बाई. ऑगस्ट 2016 मध्ये फ्लोरिडाला वेस्ट इंडीजविरुद्ध तिच्या नवऱ्याला, स्टुअर्ट बिन्नीला, एका ओव्हरमध्ये 32 रन पडले. तर लोक ओळीनं तिच्या ट्विटरवर. ज्या बाईला त्या ओव्हरचं विश्लेषण करता आलं असतं तिला लोकांनी त्या ओव्हरची आरोपी केलं.

बरं, पायगुण हा शब्द सापडला म्हणून कारण सापडलं असं नाही. हे डोक्यात नेमकं कसं घडतं तेही बघू.

रॉबर्ट चाल्डिनी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1976 मध्ये एक साधा पण छान अभ्यास छापला होता. कॉलेजची फुटबॉल टीम शनिवारी जिंकली की सोमवारी विद्यार्थी कॉलेजचं नाव असलेले टीशर्ट जास्त घालून येतात असं त्याला दिसलं, आणि मॅचबद्दल विचारलं तर जिंकल्यावर "आपण जिंकलो" आणि हरल्यावर "ते हरले". आपल्या घरात बघा, वेगळं काही आहे का? फॅनला विजय स्वतःचा हवा असतो कारण तो त्याला मोठं करतो, आणि पराभव दुसऱ्या कुणाचा तरी हवा असतो. आता गंमत अशी की तो "दुसरा" आपला लाडका खेळाडू असेल तर अडचण होते, कारण त्याचंच नाव आपल्या पाठीवर छापलेलं असतं, त्याला पूर्ण टाकून देता येत नाही. मग त्याच्या जवळची, पण टीममध्ये नसलेली, जिचं नाव कुणाच्याच जर्सीवर नाही अशी व्यक्ती शोधली जाते. ती सापडायला वेळ लागत नाही, कॅमेरामननं तिला दर दोन ओव्हरला दाखवलेलंच असतं.

दुसरी गोष्ट गर्दीची. मागच्या रांगेतले ते चाळीस-पन्नास जण, त्यांच्यातल्या प्रत्येकाला ते आवडत होतं का? मला नाही वाटत. मानसशास्त्रात यावर बरंच काम झालंय आणि सार असं की गर्दीत प्रत्येकाला वाटतं, मला हे खटकतंय पण बाकीच्यांना चालतंय, आणि बाकीचे नेमकं हेच त्याच्याबद्दल समजून गप्प बसतात किंवा हसतात. हसणं हे तर सगळ्यात सोपं, अंगावर येत नाही. पण ओरडणाऱ्याला ते हसणं म्हणजे संमती वाटते. मोबाइलवर हेच अजून फोफावतं कारण तिथे समोरच्याचा चेहराच दिसत नाही, ओढलेली टोपी दिसत नाही, आणि शिवीला लाइक मिळतात.

आणि तिसरी, शिवीचं व्याकरण. हे लिहायला अवघड जातंय पण लिहायला हवं. आपल्या मराठी-हिंदी शिव्या नीट ऐका, पुरुषाला घातलेल्या शिवीत पुरुष असतोच कुठे? आई असते, बहीण असते. दोन पुरुषांचं भांडण आणि मार दोन्हीकडच्या बायकांना. त्यामागची समजूत जुनी आहे की बाई ही पुरुषाची इज्जत, त्याच्या मालकीची वस्तू, तेव्हा त्याला दुखवायचं तर तिच्यावर हात टाका, निदान तोंडानं. ज्या शिव्यांत आई-बहीण नसते त्यात काय असतं? बायल्या. बांगड्या भर. मुलींसारखा काय खेळतोस. म्हणजे एक तर बाई उचलून आणायची, नाहीतर त्यालाच बाई म्हणायचं आणि तोच अपमान समजायचा. टेनिस बॉलच्या टुर्नामेंटला आठ-दहा वर्षांची पोरं एकमेकांना हे बोलतात, आयाही शेजारी उभ्या असतात, कुणाला काही वाटत नाही.

या सगळ्यात "भाभी" शब्दाचं काय झालं याचं मला फार वाईट वाटतं. वहिनी म्हणजे आपल्याकडे काय नातं, थोरली वहिनी तर आईच्या जागी. स्टेडियममध्ये तो शब्द जवळीक दाखवायला सुरू झाला असेल, पण आता तो परक्या बाईबद्दल काहीही बोलायचा परवाना झालाय. 2023 मध्ये शुभमन गिल बाउंड्रीवर उभा राहिला की "हमारी भाभी कैसी हो" सुरू व्हायचं आणि पुढे सचिनच्या मुलीचं नाव. तिनं कधी काही म्हटलेलं नसताना. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिला जाहीर सांगावं लागलं की माझे डीपफेक फोटो फिरतायत आणि माझ्या नावानं खोटं अकाउंट चालतंय. घोषणा देणारे म्हणतील आम्ही फक्त मजा केली, फोटो आम्ही बनवले नाहीत. बरोबर आहे, पण हजारो लोक एखाद्या मुलीचं नाव रोज घेऊन ती सगळ्यांची आहे असं ओरडत असतील तर तिचा फोटो वापरणाऱ्याला तरी कुठे वाटणार की आपण काही चोरतोय?

आणि हे कुठपर्यंत जातं. ऑक्टोबर 2020, चेन्नई कोलकात्याकडून हरली, तर धोनीच्या पाच वर्षांच्या मुलीला बलात्काराची धमकी. पोलिसांनी गुजरातमधल्या मुंद्र्यातून ताब्यात घेतलेला मुलगा 16 वर्षांचा होता, बारावीत शिकणारा. पुढच्या वर्षी दुबईत पाकिस्तानकडून 10 विकेटनी हरल्यावर मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून शिव्या पडल्या, कोहली प्रेस कॉन्फरन्समध्ये त्याच्या बाजूनं ठामपणे बोलला, आणि त्यानंतर दुसरीही मॅच हरलो तेव्हा कोहलीच्या मुलीला तीच धमकी आली. ती मुलगी तेव्हा दहा महिन्यांचीही नव्हती. मुंबई पोलिसांनी हैदराबादमधून 23 वर्षांच्या सॉफ्टवेअर इंजिनियरला अटक केली. पुढे एप्रिल 2023 मध्ये तक्रारदारानं संमती दिल्यावर मुंबई हायकोर्टानं तो गुन्हा रद्द केला. एक बारावीतला मुलगा, एक शिकलेला इंजिनियर. "अशिक्षित टवाळखोर" म्हणून झटकून टाकता येतील असे हे लोक नाहीत, म्हणून तर मला ते माझं लोकलमधलं उत्तर खोटं वाटतं.

19 नोव्हेंबर 2023 अहमदाबादची वर्ल्डकप फायनल तुम्हाला आठवतच असेल, ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडनं 137 केले आणि सगळा देश गप्प झाला. गप्प कुठला, हेडची बायको आणि त्यांची एक वर्षाची मुलगी यांच्या फोटोखाली भारतीय लोक काय काय लिहीत होते. ऑस्ट्रेलियाच्याच ग्लेन मॅक्सवेलची बायको विनी रमण तमिळ घरातली, मेलबर्नमध्ये वाढलेली, तिला लिहावं लागलं की भारतीय असूनही माणूस आपण जिथे जन्मलो, वाढलो त्या देशाच्या बाजूनं असू शकतो. हे बाईला समजावून सांगावं लागतंय.

पुण्यात वाढलेली संजना गणेशन, ती पण अँकर, एप्रिल 2025 मध्ये वानखेडेवर नवऱ्याची, बुमराहची, मॅच बघायला दीड वर्षाच्या मुलाला घेऊन बसली होती. कॅमेऱ्यानं तो मुलगा काही सेकंद दाखवला, तो हसत नव्हता. एवढ्यावरून लोकांनी त्याला मानसिक आजार चिकटवले, आईच्या संगोपनावर निकाल दिले. तिनं लिहिलं की आमचा मुलगा हा तुमच्या करमणुकीचा विषय नाही. दीड वर्षाचं मूल झोपेच्या वेळेला साठ-सत्तर डेसिबलच्या घरात नाही हसत, तर त्या गोंगाटात कुठून हसणार?

इथपर्यंत ज्या बायका आल्या त्या कुणाच्या तरी बायको, मुलगी म्हणून आल्या. मग वाटेल की बाई स्वतः खेळाडू असली तर वाचत असेल. उलट आहे. पुरुष खेळाडूला वाईट खेळल्यावर शिव्या पडतात, बाईला खेळते म्हणूनच पडतात. 2017 चा वर्ल्डकप सुरू होताना मिताली राजला एकानं विचारलं, तुझा आवडता पुरुष क्रिकेटर कोण, तर ती म्हणाली पुरुषांना तुम्ही विचारता का आवडती महिला क्रिकेटर कोण. त्यानंतर दोनेक महिन्यांनी तिनं एक फोटो टाकला, त्यात काखेत घामाचा डाग दिसत होता, त्यावरून तिला हिणवलं. तिचं उत्तर होतं की मी मैदानावर घाम गाळला म्हणूनच आज इथे आहे. घामाचा डाग धोनीच्या शर्टवर असेल तर तो मेहनत, मितालीच्या असेल तर लाज. भांडुपमध्ये जन्मलेली आपली जेमिमा रॉड्रिग्ज, गिटार वाजवते, रील करते, तर एक कॅच सुटला की "जा, रील कर". 30 ऑक्टोबर 2025 ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाच्या 338 चा पाठलाग करताना तिनं नाबाद 127 केले आणि नंतर सगळ्यांसमोर रडत सांगितलं की स्पर्धेत ती रोज एंग्झायटीशी झगडत होती. तो दिवस आम्ही घरात सण म्हणून साजरा केला. आणि तिनं येशूचं नाव घेतलं म्हणून त्याच रात्री तिच्या धर्मावर तुटून पडणारेही होतेच, जिंकून दिलं तरी.

फिफा आणि खेळाडूंच्या संघटनेनं 2023 च्या महिला फुटबॉल वर्ल्डकपमध्ये सोशल मीडियावर नजर ठेवली होती, त्यात दर पाचातल्या एका खेळाडूला शिवीगाळ, धमक्या आल्याचं दिसलं, आणि आदल्या वर्षीच्या पुरुषांच्या वर्ल्डकपपेक्षा बायकांना टार्गेट केलं जाण्याचं प्रमाण 29 टक्के जास्त होतं. टेनिसमध्ये वेगळीच बाजू दिसते, पैशाची. 2024 मधल्या पोस्ट तपासल्या तर 458 खेळाडूंना आलेल्या सुमारे 8,000 शिवीगाळीच्या पोस्टपैकी 40 टक्के पैज हरलेल्या लोकांच्या होत्या. माणूस घरी बसून कुठल्यातरी मॅचवर पैसे लावतो, हरतो, आणि तिच्या फोनमध्ये शिरून तिच्या आईबद्दल लिहितो. आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावायचे ऑनलाइन गेम कायद्यानं बंद झाले तोपर्यंत फँटसी अॅपवर 49 रुपये लावून टीम बनवणारे प्रत्येक बिल्डिंगमध्ये होते, आणि त्यातल्या कितींनी तरी हरल्यावर कमेंटमध्ये काय लिहिलंय हे तुम्हीच आठवून बघा.

राहिल्या माझ्यासारख्या, भाचीसारख्या, नुसत्या बघायला जाणाऱ्या. बिग स्क्रीनवर मुलगी आली की स्टेडियममध्ये जो आवाज होतो तो मुलगा दाखवल्यावर होतो का? 2019 मध्ये बंगळुरूच्या मॅचमध्ये एक मुलगी काही सेकंद दिसली, रातोरात लाखो लोक तिच्या अकाउंटवर पोचले, आणि तिनंच नंतर लिहिलं की त्यात किती अश्लील, किती घाण होतं. ती फक्त आपल्या टीमला चिअर करत होती. या भीतीनंच घरोघरी मुलींना सांगतात, तिकडचं वातावरण चांगलं नसतं, तू टीव्हीवर बघ. प्रेमानंच सांगतात. माझ्या बाबांनीही मला सांगितलेलं. पण हाच विचार पूर्ण टोकाला नेला तर काय होतं ते इराणमध्ये दिसलं. तिथे 1979 च्या क्रांतीनंतर बायकांना फुटबॉल स्टेडियमची दारं बंद झाली आणि त्याचं एक कारण अधिकारी वर्षानुवर्षं हेच देत आले की आत पुरुष घाण बोलतात, बायकांच्या कानावर ते पडू नये. जीभ पुरुषांची, बंदी बायकांना. सहर खोदायारी नावाची मुलगी पुरुषाचा वेश करून आझादी स्टेडियममध्ये शिरायला गेली, पकडली गेली, तुरुंगात जावं लागेल या धास्तीत तिनं कोर्टाबाहेर स्वतःचा जीव घेतला, सप्टेंबर 2019. तिच्या टीमचा रंग निळा म्हणून तिला निळी मुलगी म्हणतात. महिनाभरानं, 10 ऑक्टोबरला, इराण-कंबोडिया मॅचला काही हजार बायकांना आत सोडलं, इराणनं 14 गोल केले आणि त्या बायकांचा आवाज म्हणे थांबेचना.

मग आत पाठवायचं आणि सुरक्षितही ठेवायचं, हे कुठे जमतं का? जमतं, थोडं थोडं. इंग्लंडमध्ये चेल्सीच्या डॉक्टर एव्हा कार्नेरो जखमी खेळाडूकडे धावत निघाल्या की विरुद्ध टीमचे फॅन अश्लील घोषणा द्यायचे, आणि वर्षानुवर्षं ते "फुटबॉल आहे, चालतं" होतं. 2021 मध्ये तिथल्या काही फॅन मुलींनी मिळून "हर गेम टू" नावाची मोहीम काढली, आपल्याला आलेल्या कमेंट हातात पाट्या धरून कॅमेऱ्यासमोर दाखवल्या, आणि एकेक करत कितीतरी क्लब त्यांच्याबरोबर आले. तिथे असल्या प्रकारात कोर्ट माणसाला काही वर्षं स्टेडियमची बंदी घालू शकतं, परदेशात मॅच असेल तर पासपोर्ट पोलिसांकडे जमा. क्रिकेटमधलं चांगलं उदाहरण जानेवारी 2021 चं सिडनी. सिराजला बाउंड्रीवर वांशिक शिव्या पडल्या, त्यानं कॅप्टन रहाणेला सांगितलं, रहाणेनं अंपायरला, खेळ थांबला, पोलिस स्टँडमध्ये आले, सहा जणांना बाहेर काढलं. नंतरच्या चौकशीत शिवीगाळ झाली हे मान्य झालं पण ते सहा जण ते नव्हते असं निघालं, म्हणजे नुसती कारवाई करून भागत नाही, कोण कुठल्या सीटवर होतं हे नीट कळायला हवं. पण मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच, खेळ थांबला. रहाणे आणि टीम तिथेच उभी राहिली. एखाद्या खेळाडूच्या बायकोवरून घोषणा झाली म्हणून मॅच थांबलीय असं मी अजून बघितलेलं नाही.

कायदा आपल्याकडे आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सार्वजनिक ठिकाणी अश्लील बोलून इतरांना त्रास देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि यात तक्रार त्या खेळाडूच्या बायकोनंच करायला हवी असं नाही, ऐकून ज्याला त्रास झाला तो कुणीही करू शकतो, म्हणजे माझी भाचीसुद्धा. बाईला उद्देशून लैंगिक शेरे मारले तर कलम 75, तिचा अपमान करायच्या हेतूनं शब्द किंवा हावभाव केले तर कलम 79, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ऑनलाइन अश्लील मजकुराला आयटी कायद्याचं कलम 67. स्टेडियममध्ये असाल तर ब्लॉक, रांग, सीट नंबर आणि वेळ लिहून घ्या आणि जवळच्या पोलिसाला दाखवा, "मागे कुणीतरी ओरडतंय" एवढ्यावर तो बिचारा काय करणार. फोनवर आलं असेल तर ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, अकाउंटचं नाव, लिंक आणि तारीख दिसेल असा, कारण ब्लॉक केलं की पुरावा शोधणं अवघड होतं. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर बायका-मुलांविषयीच्या अशा तक्रारी नाव न देताही करता येतात. थेट धमकी असेल तर 112.

आणि एक दिवस मला इथे लिहायचाच आहे. 16 एप्रिल 2023, वानखेडे, मुंबई विरुद्ध कोलकाता. मुंबईची टीम दरवर्षी एक मॅच संस्थांमधल्या मुलांसाठी ठेवते, त्या वर्षी ती खास मुलींसाठी होती, सुमारे 19,000 मुली, आणि मुंबईचे पुरुष खेळाडू बायकांच्या टीमची जर्सी घालून उतरले होते. मी टीव्हीवर बघत होते. आवाज इतका बारीक आणि इतका मोठा की सुरुवातीला वाटलं सेटमध्ये बिघाड आहे. त्या दिवशीही कॅच सुटले, सिक्स गेले, आणि पूर्ण वेळ त्या पोरी ओरडत होत्या. मैदान तेच, खेळही तोच.

यंदा एप्रिलमध्ये आम्ही तिघं पुन्हा गेलो. भाऊ तयार नव्हता, भाचीनं हट्ट धरला. दुसऱ्या इनिंगला मिसफील्ड झाली आणि मागून सुरू झालं, भाभी. भाऊ उठायला लागला, मी त्याचा हात धरला कारण मारामारी नको होती, तेवढ्यात भाचीच मागे वळली आणि कुणावर न ओरडता, साध्या आवाजात, तिनं गेल्या वर्षीचाच प्रश्न विचारला, "दादा, बॉल वहिनींनी सोडला का?" दोन सेकंद कुणी काही बोललं नाही. मग त्यांच्यातलाच एक चष्मेवाला शेजारच्याला म्हणाला, "बस ना यार, लहान मुलगी आहे." दोघं तरीही अधूनमधून ओरडत राहिले, पण त्यांना साथ मिळेना, आणि ठेका काही धरला गेला नाही. भाचीचे हात थरथरत होते, मी बघितलं. तिनं पाणी प्यायलं, कार्ड उचललं, मैदानाकडे बघत म्हणाली, "आत्या, आता बघ, लाँगऑनला मागे घेईल." आणि कॅप्टननं हात करून त्याला मागे घेतलं.